टाळ्या झाल्या, झोपेचं काय?

२२ मार्च २०२०, संध्याकाळचे ५. थाळ्या, घंटा, शंख आणि टाळ्या! तुमच्या बाल्कनीतूनही आवाज आला असेलच. ३ मे २०२० रोजी तर हेलिकॉप्टरमधून हॉस्पिटल्सवर चक्क फुलं उधळली गेली. डॉक्टर, नर्स, वॉर्डबॉय सगळे एका झटक्यात 'कोविड योद्धे' झाले. पण योद्धा म्हटलं की एक पंचाईत होते. त्याला दमायची परवानगी नसते!

आणि दमायला कारणं ढीगभर होती. एप्रिल २०२० मध्ये मुंबईचं नायर हॉस्पिटल पूर्णपणे कोविडसाठी राखून ठेवलं गेलं. मे महिन्याचा उकाडा आणि अंगात पीपीई किट. एकदा चढवलं की तासन्‌तास पाणी नाही, टॉयलेट नाही. चेहरा दिसत नाही, म्हणून किटवर पेनने नाव लिहायचं. पेशंटचा घरच्यांशी शेवटचा व्हिडिओ कॉलही कित्येकदा नर्सनेच लावून द्यायचा. घरी जावं, तर आईबाबांना इन्फेक्शन होईल ही धास्ती. काही सोसायट्यांनी तर त्यांना गेटवरच अडवलं. हल्लेही झाले. शेवटी एप्रिल २०२० मध्ये केंद्राला अध्यादेश काढावा लागला. आरोग्य कर्मचाऱ्याला गंभीर इजा केली, तर ७ वर्षांपर्यंत कैद!

'स्ट्राँग राहा' म्हणजे काय?

२०२० च्या सुरुवातीला चीनमधल्या ३४ हॉस्पिटल्समधल्या १,२५७ डॉक्टर-नर्सेसची पाहणी झाली. निम्म्या जणांमध्ये डिप्रेशनची लक्षणं होती, तर एक तृतीयांश लोकांची झोप उडालेली होती.

साथ गेली की सगळं नॉर्मल, असंही नाही बरं का. २००३ मध्ये टोरांटोत सार्सची साथ आली होती. त्यानंतर १३ ते २६ महिन्यांनी पाहणी केली, तर सार्सचे पेशंट सांभाळलेल्या हॉस्पिटल्समधले कर्मचारी इतरांपेक्षा जास्त थकलेले होते. अनेकांनी कामाचे तास कमी केले होते. मात्र ज्यांना ट्रेनिंग, सुरक्षा आणि पाठिंबा पुरेसा वाटला, त्यांचा त्रास कमी होता.

खरा फंडा इथेच आहे. खंबीरपणा म्हणजे फक्त आतली ताकद नव्हे. वेळेवर सुट्टी, नीट मास्क, गरम जेवण आणि खरी माहिती देणारा बॉस, यातूनही तो येतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद आजार म्हणून नाही, तर कामाच्या ठिकाणच्या ताणातून येणारी अवस्था म्हणून केली. योगा, मेडिटेशन जरूर करा, पण सलग ड्युट्यांवर ते औषध नाही.

डॉक्टरला डॉक्टर कोण?

न्यूयॉर्कच्या डॉ. लॉर्ना ब्रीन इमर्जन्सी विभागाच्या प्रमुख होत्या. स्वतःला कोविड झाला, तरी बऱ्या होऊन कामावर परतल्या. एप्रिल २०२० मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. मदत घेतली तर लायसन्स जाईल, करिअर संपेल, अशी भीती त्यांना होती, असं घरच्यांनी सांगितलं. २०२२ मध्ये अमेरिकेत त्यांच्याच नावाने कायदा झाला. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मनाची काळजी घेणाऱ्या उपक्रमांना त्यातून पैसा मिळू लागला.

तुमच्या घरात, ग्रुपमध्ये कुणी डॉक्टर-नर्स आहे?

* 'तू काय, डॉक्टर आहेस, तुला काय होणार!' हे वाक्य डिक्शनरीतूनच काढून टाका.
* नाइट करून आलेल्याला किस्से विचारू नका. आधी जेवण, मग झोप, मग गप्पा.
* 'काही लागलं तर सांग'पेक्षा 'आज डबा मी आणतो' जास्त कामाचं.
* झोप उडाली, चिडचिड वाढली, सारखं रडू येतंय आणि हे दोन आठवडे टिकलं, तर तज्ज्ञाकडे जायला सोबत करा.
* ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची 'टेलि-मानस' हेल्पलाइन आहे: १४४१६. कॉल फ्री, २४ तास. डॉक्टरांसाठीसुद्धा आणि हो, तुमच्यासाठीसुद्धा!