बरा झालेला माणूस गावाला परत येईल का?

कुर्ला टर्मिनसला लांब पल्ल्याच्या गाड्या येतात. कामधंद्यासाठी आलेली माणसं उतरतात, तसा घरातून भ्रमिष्टासारखा निघालेला एखादाही उतरतो. त्याला गावाचं नाव धड सांगता येत नाही. पुलाखाली दिवस काढतो. मग पोलीस, कोर्टाचा हुकूम आणि १९०१ साली सुरू झालेले ठाण्याचे मनोरुग्णालय, असा हा जुना रस्ता. औषधाने माणूस सुधारतो. पण न्यायला कोणी येत नाही म्हणून वर्षानुवर्षे तिथंच राहतो.

मंडळी, हा माणूस तुमच्या-आमच्या गावचाच असतो. घरचे का नेत नाहीत? पुन्हा बिघडेल ही धास्ती, पोरीच्या लग्नाची काळजी, आणि खरं सांगायचं तर कधी सातबाऱ्यावरचं नावही आड येतं.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू झाला. त्याचे १९ वे कलम स्पष्ट आहे: घर नाही किंवा घरचे स्वीकारत नाहीत, एवढ्याच कारणाने कोणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही. ज्यांना घर नाही त्यांच्यासाठी निमवसतिगृहे, समूहघरे उभी करणे हे सरकारचे काम आहे. तामिळनाडूत ‘द बॅनियन’ संस्थेने वस्तीतल्या साध्या घरांत चार-पाच जणांना एकत्र ठेवून हे जमते असे दाखवले. कर्जतच्या ‘श्रद्धा’ संस्थेने रस्त्यावरचे रुग्ण बरे करून त्यांच्या गावी पोचवले, तिचे डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पण शेवटचा टप्पा गावातच आहे. सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, पोलीस पाटील यांनी लक्षात ठेवावे: रुग्णालयाकडून पत्त्याची चौकशी आली तर कागद दप्तरात पडू देऊ नका. रहिवासी दाखला, रेशनकार्डात नाव आणि दिव्यांग प्रमाणपत्र मिळाल्यास संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज एवढं करून द्या. वारस म्हणून त्याचा हक्क परस्पर उडवू नका.

घरच्यांनी गोळ्या मनाने बंद करू नयेत. अडचण आली तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करावा. झेपेल ते काम द्या, गुरं बघू द्या, खुरपणीला न्या. पण फुकटचा गडी मिळाला असं समजू नका. कामाची मजुरी त्याच्या हातात पडू द्या.

आणि पारावर आला तर ‘वेडा’ म्हणून नव्हे, नावानं हाक मारा. बरा झालेल्या माणसाला आधी तेच लागतं.