गाणाऱ्याला धीर कोण देणार?

दिवस वाईट आहेत, हे आंबेडकरी माणसाला वेगळे सांगण्याची गरज नाही. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या धरपकडीत सापडलेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. साधा गुन्हा नोंदवून घेण्यासाठी त्याच्या आईला उच्च न्यायालयात जावे लागले. जुलै २०२५ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. त्यातील 'बेकायदेशीर कृत्या'च्या व्याख्येत बोललेला शब्द आला, लिहिलेला शब्द आला, खूण आणि चित्रही आले. आणि इकडे आपली अवस्था काय? एका गावात चार गट, एका जयंतीच्या दोन मिरवणुका. अशा वेळी कार्यकर्ता थकतो. थकलेला कार्यकर्ता एक तर घरात बसतो, नाही तर प्रस्थापितांच्या दारात जाऊन उभा राहतो. या दोन्हींचा फायदा कोणाला होतो, हे काय सांगायला हवे?

या थकव्यावर आपल्या समाजाने फार पूर्वीच एक उपाय शोधून ठेवला आहे. तो म्हणजे आपले गाणे. कोणी म्हणेल, गाण्याने काय होते? मी वकील आहे. गाण्याने जामीन मिळत नाही, हे मला चांगले ठाऊक आहे. पण जामीन मिळेपर्यंत आरोपीच्या घरातल्यांनी उभे कसे राहायचे, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही कलमात लिहिलेले नाही. ते उत्तर आपल्या माणसांनी वस्तीत बसून, ढोलकीवर थाप मारून दिले आहे.

आमचे दिग्रस यवतमाळ जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. कापूस आणि सोयाबीनवर जगणारा हा मुलूख. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे या जिल्ह्याचे नाव देशाला कळले. पण याच जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत आणखीही काही आहे. वर्षावासात संध्याकाळी विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन संपले की बाया टाळ-खंजिरी घेऊन बसतात. जयंतीच्या आगेमागे आणि हिवाळ्यात दुय्यम कव्वालीचा सामना लागतो. दोन बाजूंना दोन पार्ट्या, मधे सवाल-जवाब. माणसे घरून चटई आणि घोंगडे घेऊन येतात. दिवसभर कापूस वेचून बोटे सोललेली बाई गायकाच्या पुढच्या ओळीची वाट पाहत डोळे ताणून जागी बसते. सकाळी पुन्हा वेचणीला जायचे असते, तरी ती उठत नाही.

तिला तिथे काय मिळते? करमणूक मिळतेच, ती काही पाप नव्हे. पण त्याहून मोठे काही मिळते. तिला स्वतःचीच हकीकत ऐकू येते. १९२७ चे महाड, १९३० चा काळाराम, नागपूरची १४ ऑक्टोबर १९५६, रमाईचे कष्ट, नामांतरासाठीची सोळा वर्षे. ज्यांच्या घरात पुस्तक नव्हते त्यांच्या घरात इतिहास गाण्याच्या वाटेने आला. याहून वाईट दिवस आपल्या आजीने काढले आणि तरी ती वाकली नाही, हे त्या बाईला पुराव्यानिशी कळते. दुःखाचा विसर पाडणारी गाणी बाजारात पुष्कळ आहेत. आपले गाणे आठवण करून देते आणि त्या आठवणीतूनच दिलासा देते.

हे आपोआप झालेले नाही. सत्यशोधक जलशाची वाट पुढे नेत १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसे उभे केले. तमाशाचा घाट लोकांच्या ओळखीचा होता. त्यांनी तो घेतला आणि त्यात शिक्षण, पाणी, मंदिरप्रवेश, स्वाभिमान हे विषय भरले. आपल्या दहा सभांचे काम एक जलसा करतो, असे बाबासाहेब म्हणाल्याची आठवण चळवळीत आजही सांगितली जाते. स्वतः बाबासाहेबांनाही संगीताची ओढ होती. राज्यघटना, मंत्रिपद, ग्रंथलेखन आणि आजारपण यांनी घेरलेला हा माणूस उतारवयात व्हायोलिन शिकायला बसला होता.

पुढे वामनदादा कर्डक आले. १९२२ साली सिन्नर तालुक्यातील देशवंडीला जन्मलेले वामनदादा अक्षर शिकले ते मोठेपणी. २००४ साली त्यांचे निधन होईपर्यंत ते गावोगाव हिंडले आणि हजारो गाणी मागे ठेवून गेले. आमच्या विदर्भात नागपूरच्या नागोराव पाटणकरांनी कव्वालीतून हेच काम केले. आणि या सगळ्यांच्या कितीतरी आधीपासून आपल्या आया-आज्या पहाटे जात्यावर गात होत्याच. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून लाखाच्या घरात ओव्या जमवल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्यांना मोठे स्थान आहे. ज्या बाईला सभेत बोलायची सोय नव्हती, तिने जात्यापाशी बसून बाबासाहेबांना आपल्या घरचा माणूस केले.

जगात दुसरीकडेही दबलेल्या माणसाने असेच केले आहे. अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले होते. या डु बॉईस यांनी १९०३ सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर गुलामांच्या गाण्यातला सुरांचा एक तुकडा छापला आणि शेवटचे प्रकरण त्या दुःखगीतांनाच दिले. त्यांचे म्हणणे असे की, या गाण्यांत दुःख भरलेले आहे, पण त्याच्या तळाशी न्यायावरचा विश्वास आहे. पुढे १९६० च्या दशकात त्यांच्याच समाजाची पोरे तुरुंगात जाताना गात गेली. दलित पँथरने ज्यांच्याकडून १९७२ साली नाव घेतले, त्यांच्या मुलखाची ही गोष्ट आहे.

आपल्यातले काही उपासक विचारतात की, अष्टशीलात नृत्य, गीत, वाद्य वर्ज्य आहे, मग विहारात गाणे कसे चालेल? प्रश्न प्रामाणिक आहे. उत्तर असे की, अष्टशील हे उपोसथाच्या दिवशी घ्यायचे व्रत आहे. गृहस्थाच्या रोजच्या पंचशीलात गाण्याला मनाई नाही. आणि थेरीगाथा म्हणजे तरी काय आहे? बुद्धाच्या संघातल्या स्त्रियांच्या त्या पद्यरचना आहेत. त्यात पाणी भरणारी दासी पुण्णिका, थंडीत कुडकुडत पाप धुणाऱ्या ब्राह्मणाला पाण्याने शुद्धी कशी होईल असे विचारते. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा सवाल आपल्या कव्वालीच्या फडात आजही शोभेल.

तथागतांनी तर वीणेचाच दाखला दिला आहे. सोण नावाचा भिक्खू चंक्रमण करता करता पाय रक्तबंबाळ करून बसला आणि निराश झाला. बुद्धाने त्याला विचारले, तू घरी असताना वीणा वाजवत होतास, तार फार ताणली तर वाजते का? फार सैल सोडली तर वाजते का? चळवळीतल्या माणसानेही हे ध्यानात ठेवावे. रोज उठून बातम्या पाहून संतापणारा आणि संतापूनच झोपणारा कार्यकर्ता फार दिवस टिकत नाही. त्याची तार तुटते. आणि 'आता काही होणे नाही' म्हणून बसून राहिलेल्याची तार वाजतच नाही. गाण्याला बसणे म्हणजे तार पुन्हा नीट लावून घेणे होय.

आता दुसरी बाजू पाहू. आपल्या गाण्यात दम नसता तर त्याचा कोणाला राग आला नसता. मे २०१५ मध्ये शिर्डीत मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, त्यावरून वाद झाला आणि नर्सिंग शिकणाऱ्या एका दलित तरुणाचा निर्घृण खून झाला. जून २०२३ मध्ये नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत, गावात भीमजयंती साजरी केल्याच्या रागातून तरुणाचा खून झाल्याची फिर्याद दाखल झाली. तीन मिनिटांची एक धून जातीच्या अहंकाराला एवढी का झोंबते? कारण त्या धुनेत कालचा मुका माणूस मोठ्याने बोलतो.

आणि जो शाहीर ही धून घडवतो, त्याचे काय होते? ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. चारच दिवसांनी, १५ जुलैला, शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःचे जीवन संपवले. आनंद पटवर्धन यांच्या 'जय भीम कॉम्रेड' या चित्रपटामुळे ते जगाला माहीत झाले. ज्याच्या आवाजाने वस्त्यांना बळ दिले, त्याला त्या चार दिवसांत बळ द्यायला आपण कमी पडलो, हे मान्य केले पाहिजे. पुढे कबीर कला मंचाच्या कलावंतांवर बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली खटले झाले. शीतल साठे एप्रिल २०१३ मध्ये विधान भवनासमोर स्वतःहून हजर झाल्या. सागर गोरखे, रमेश गायचोर आणि ज्योती जगताप यांना सप्टेंबर २०२० मध्ये एल्गार परिषदेच्या प्रकरणात अटक झाली. या खटल्यांचे निकाल न्यायालये देतील. पण या कायद्यात जामिनाचे दार इतके अरुंद आहे की निकालाच्या आधीच माणसाची वर्षे तुरुंगात जातात. त्या वर्षांत गाणाऱ्याच्या घरी किती जण गेले? ज्यांनी त्यांच्या गाण्यावर टाळ्या वाजवल्या, त्यांतले किती जण?

कायदा सगळाच आपल्या विरोधात आहे असे मात्र नाही. २८ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या प्रकरणात एका कवितेवरून गुजरातेत नोंदवलेला गुन्हा रद्द केला. शब्दांचा अर्थ लावताना खंबीर आणि समजूतदार माणसाची कसोटी लावावी, प्रत्येक टीकेत धोका पाहणाऱ्या दुबळ्या मनाची लावू नये, असे न्यायालयाने बजावले. तीन ते सात वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा शब्दांवरून सांगितला जात असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) नुसार साधारणपणे आधी प्राथमिक चौकशी करणे योग्य, असेही सांगितले. आपल्या प्रत्येक शाहिराच्या पिशवीत या निकालाची एक प्रत असली पाहिजे.

आणि आपण स्वतः काय करतो आहोत? वर्गणी जमते, ती डीजेवाल्याकडे जाते. त्या भिंतींपुढे पोरे नाचतात, पण शब्द कोणाला ऐकू येत नाहीत. गाणे कोणी लिहिले, हे विचारायला कोणाला उसंत नाही. वामनदादा तर शेवटच्या कडव्यात स्वतःचे नाव गुंफत, पण कडवे संपायच्या आतच पुढचे गाणे लावले जाते. पोरांचा आनंद मी नाकारत नाही. ज्यांना रस्त्यावरून ताठ चालायची बंदी होती, त्यांच्या नातवांनी रस्त्यावर नाचावे, यात वाईट काय? पण रात्री ध्वनिप्रदूषणाच्या नियमाने ठरलेल्या वेळी डीजे बंद होतो आणि त्याबरोबर आपली जयंतीही संपते. बंदिस्त सभागृहात, आवाज बाहेर न नेता, पेटी आणि ढोलकीवर बसलेली माणसे त्यानंतरही गाऊ शकतात. तंत्र वैरी नाही. एकतारीवर गाणाऱ्या कडूबाई खरात मोबाइलमुळेच घराघरांत पोहोचल्या. प्रश्न एवढाच आहे की आपण नुसते ऐकणारे होणार की गाणारेही राहणार?

म्हणून दिग्रसच्या आणि इतर ठिकाणच्याही बांधवांपुढे चार साध्या सूचना ठेवतो.

पहिली, महिन्यातून एक रविवार विहारात गाण्याची बैठक भरवा. सूर चुकला तरी चालेल, माणसे जमली पाहिजेत. गट विसरून एकत्र बसण्याचे याहून सोपे निमित्त मला दिसत नाही.

दुसरी, गावातल्या जुन्या गायकांकडे आणि म्हाताऱ्या बायांकडे वही घेऊन जा. गाणे उतरवा, त्यांची परवानगी घेऊन मोबाइलवर नोंदवा आणि रचणाऱ्याचे नाव न विसरता लिहा. कवीच्या निधनानंतरही साठ वर्षे त्याच्या रचनेवर कायद्याने वारसांचा हक्क असतो, हे फार थोड्या घरांना माहीत आहे.

तिसरी, गायकाला हार आणि नारळ देऊन वाटेला लावू नका. मानधन द्या, आणि ते कार्यक्रमाआधी ठरवा.

चौथी सूचना माझ्या वकील बांधवांना आहे. आपल्या तालुक्यातल्या कोणत्याही शाहिरावर गाण्यावरून नोटीस आली, तर पहिल्याच दिवशी फी न घेता उभे राहा. कार्यक्रमाच्या परवानगीचा अर्ज लेखी द्यायला आणि त्याची पोच घ्यायला मंडळांना शिकवा. पुढच्या निम्म्या कटकटी त्या पोचेवर मिटतात.

काळ लगेच बदलणार नाही. निवडणुका येतील, जातील, कायदे कडक होतील. पण अंधारात माणसे एकमेकांना आवाज देत चालतात, म्हणजे मागचा चुकत नाही. येत्या १४ एप्रिलसाठी वर्गणीची बैठक बसेल तेव्हा पहिला विषय डीजेचा नको, गायकाच्या मानधनाचा घ्या. आणि त्या बैठकीत आपल्या गावातला कोणता गायक आज आजारी आहे, कोणाचे घर अडचणीत आहे, याचीही यादी करा. ज्यांनी आपल्याला आजवर धीर दिला, त्यांच्या दारात आता आपण जायचे आहे.

जयभीम!