गाडी थांबते का, हे कोणी पाहिले?

आपल्या वस्तीत कोणाची चारचाकी आली की सारी वस्ती गोळा होते. समोरच्या काचेवर निळ्या अक्षरांत 'जयभीम' लिहिले जाते, बाबासाहेबांचा फोटो लागतो, पेढे वाटले जातात. हा आनंद खोटा नाही. ज्यांच्या आजोबांनी दुसऱ्याच्या बैलगाडीमागे पायी चालत दिवस काढले, त्यांच्या नातवाच्या हातात स्वतःच्या गाडीचे स्टिअरिंग येते, ही लहान गोष्ट नव्हे. पण त्या आनंदाच्या गर्दीत एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. गेल्या नोव्हेंबरमध्ये तो आमच्याकडूनही राहिला. म्हणून हा लेख.

नाशिक जिल्ह्यातील आमच्या वस्तीतील चार तरुणांनी एक जुनी पिकअप घेतली. दोघे बाजार समितीत हमाली करणारे, एक दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर, चौथा बी.ए. होऊन नोकरीच्या शोधात. बँकेने जामीनदार मागितला, तो मिळाला नाही. मग घरोघरची शिल्लक आणि महिला बचत गटाचे साठ हजार मिळून एक लाख नव्वद हजार रुपये उभे राहिले. अकरा वर्षे जुनी गाडी त्या पैशात मिळाली. पिंपळगाव बसवंतचा टोमॅटो भरायचा, कसारा घाट उतरायचा, कल्याणच्या बाजारात पोहोचवायचा, असा हिशेब होता. त्याआधी पहिली खेप मात्र व्यापाराची नव्हती. ६ डिसेंबरला वस्तीतील बावीस माणसे, त्यात नऊ स्त्रिया आणि पाच लेकरे, हौद्यात सतरंजी टाकून चैत्यभूमीला न्यायची ठरली होती.

खरेदीच्या दिवशी मुलांनी आम्हाला सोबत नेले. "वकीलसाहेब, कागद तेवढे बघा." आम्ही कागद पाहिले. आरसी बुक पाहिले, चेसिस नंबर जुळवला, कर्जाचा बोजा उतरल्याचा दाखला पाहिला, विमा पाहिला. पासिंगची मुदत अजून पाच महिने होती. विक्रीच्या करारात 'गाडी जशी आहे तशी' असे एक वाक्य होते. तेही वाचले आणि नेहमीचेच म्हणून सोडून दिले. मुलांनी रंग पाहिला, टायर पाहिले, इंजिनाचा आवाज ऐकला, टेप वाजवून पाहिला. गाडी नाशिकहून घरी आणताना ड्रायव्हर मुलगा एवढेच म्हणाला होता, "पेडल जरा खाली जातंय." विकणाऱ्याने फोनवर सांगितले, "ब्रेक ऑईल टाका, होऊन जाईल." त्यावर आमचा सर्वांचा विश्वास बसला.

वस्तीत एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले एक वयस्क मेस्त्री आहेत. सगळे त्यांना तात्या म्हणतात. संध्याकाळी पेढा हातात घेऊन ते गाडीभोवती एकदा फिरले. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला बोट लावले, बोट नाकाशी नेले आणि मुलांना म्हणाले, "पोरांनो, जॅक आणा."

आधी त्यांनी ब्रेक पेडल दाबून धरले. पेडल हळूहळू खाली बसत गेले. सोडून पुन्हा दाबले, तर वर आले. "हे पेडल नाही, हा पंप आहे," ते म्हणाले. मग एकेक चाक उघडले. पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड झिजून पत्र्याला पत्रा लागत होता आणि डिस्कवर नांगराच्या तासासारखे चरे पडले होते. मागच्या डाव्या ड्रममधील व्हील सिलिंडर गळत होता आणि लायनर तेलाने माखले होते. मागचे उजवे चाक उघडल्यावर तात्या काही वेळ बोललेच नाहीत. त्या चाकाकडे जाणारा ब्रेकचा पाइप पक्कडीने चेपून बंद केलेला होता. तिथला सिलिंडरही कधीतरी गळू लागला असणार. नवीन बसवायला काहीशे रुपये लागले असते. ते वाचवण्यासाठी कोणीतरी त्या चाकाचा ब्रेकच मारून टाकला होता. टाकीतील ब्रेक ऑईल काळ्या चहासारखे झाले होते. हँडब्रेकची केबल तुटलेली होती. आणि डॅशबोर्डवरचा ब्रेकचा लाल दिवा लागत नव्हता, कारण त्याचा बल्बच काढून टाकलेला होता.

मुले खाली मान घालून उभी होती. आम्हीही. तात्या म्हणाले, "गाडी चालते का, हे सगळेच बघतात. थांबते का, हे कोणी बघितलं? वकीलसाहेब, कागद काही गाडी थांबवत नाही."

आता यातील शास्त्र थोडे समजून घेतले पाहिजे, कारण अज्ञान हाच इथे खरा मारेकरी असतो. आपण पेडल दाबतो तेव्हा तो दाब ब्रेक ऑईलमधून चाकापर्यंत जातो. द्रव दाबून आकसत नाही, म्हणून पायाचा जोर चाकाला मिळतो. नळीत हवा शिरली तर ती आकसते आणि पेडल स्पंजासारखे मऊ लागते. ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषून घेते. वर्षानुवर्षे ते बदलले नाही आणि लांब उतारावर सतत ब्रेक दाबून चाके तापली, की त्यातल्या पाण्याची वाफ होते. मग पेडल तळाला जाते आणि गाडी तशीच धावत राहते. गाव ते नाशिक रिकामी गाडी पुढच्या दोन चाकांवर कशीबशी थांबली, म्हणून आम्हाला काही कळले नाही. पण वजन दुप्पट झाले की थांबवायची ऊर्जा दुप्पट होते आणि वेग दुप्पट झाला की ती चौपट होते. बावीस माणसे, कसाऱ्याचा उतार आणि ते काळे तेल. पुढचे आम्ही लिहीत नाही, वाचकांनी समजून घ्यावे.

घाटाची आणखी एक गोष्ट. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करून, काही जण तर इंजिन बंद करून सोडतात. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी बूस्टरची मदत दोन-चार दाबांत संपते आणि पेडल दगडासारखे होते. न्यूट्रलमध्ये इंजिनाची ओढही राहत नाही, सारा भार ब्रेकवर येतो. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम वाचवलेल्या डिझेलपेक्षा मोलाचा आहे.

मग पासिंगचा दाखला खोटा होता काय? हा प्रश्न वस्तीतील अनेकांनी विचारला. व्यापारी वाहनाला मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५६ प्रमाणे योग्यता प्रमाणपत्र लागते. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी नवे करावे लागते. पण कोणताही दाखला त्या एका दिवसाचा असतो. लायनर झिजते दररोज, सिलिंडर गळतो कोणत्याही दिवशी. आणि कायदा आपल्यालाही सोडत नाही. त्याच कायद्याचे कलम १९० म्हणते की, वाहनातील जो धोकादायक दोष चालवणाऱ्याला किंवा चालवू देणाऱ्याला माहीत होता, अथवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता, त्यासाठी तो दोषी आहे. म्हणजे "आम्हाला ठाऊक नव्हते" हे उत्तर न्यायालयात चालत नाही. अपघातात कोणी दगावले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. पिंजऱ्यात पाइप चेपणारा उभा राहत नाही. उभा राहतो तो आपला ड्रायव्हर मुलगा.

विम्याचे तर आपल्या लोकांना माहीतच नसते. पिकअप हे मालवाहू वाहन आहे. २००२ च्या डिसेंबरमध्ये आशा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, मालवाहू वाहनातून फुकट नेल्या जाणाऱ्या प्रवाशांची भरपाई देण्याचे कायदेशीर बंधन विमा कंपनीवर नाही. काही प्रकरणांत न्यायालये आधी विमा कंपनीला भरायला लावतात, परंतु ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा देतात. म्हणजे शेवटी भार मालकावरच. आमच्या या चार मुलांवर आणि साठ हजार देणाऱ्या त्यांच्या आयांवर तो पडला असता. हौद्यात बसणारी माणसेही त्यांचीच, भरपाई देणारेही तेच. याहून मोठी शोकांतिका कोणती?

विकणाऱ्याला आम्ही नोटीस दिली. 'जशी आहे तशी' विकली, असे त्याचे उत्तर आले. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७ प्रमाणे केवळ गप्प बसणे ही सहसा फसवणूक ठरत नाही, पण माहीत असलेली गोष्ट मुद्दाम लपवणे ही फसवणूक ठरते. काढलेला बल्ब आणि चेपलेला पाइप आपोआप होत नाहीत. मात्र ते याच माणसाने केले किंवा त्याला ठाऊक होते, हे सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावर येते. गाडी विकणे हाच ज्याचा धंदा आहे त्याच्याकडून घेतली असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा मार्गही आहे. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्या कायद्यात वगळलेली नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी फी लागत नाही. आम्ही तो मार्ग धरला आहे. तरीही वकील म्हणून प्रामाणिकपणे सांगतो, खटला जिंकून गेलेला जीव परत येत नाही. जॅक लावायला दहा मिनिटे लागतात.

म्हणून जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येक तरुणाने एवढे करावे. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, कडक झाले की दाबून धरावे आणि इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर ठीक आहे. मग मिनिटभर दाबून धरावे. खाली बसत गेले तर कुठेतरी गळती आहे. ऑईलचा रंग पाहावा. चाकांच्या आतल्या बाजूला ओल आहे का पाहावी. चढावर हँडब्रेक ओढून पाय काढावा. मोकळ्या मैदानात हळू वेगाने ब्रेक दाबून गाडी एका बाजूला ओढते का ते बघावे. किल्ली चालू करताच इशारा देणारे दिवे लागतात का हेही पाहावे. न लागणारा दिवा हा सुद्धा इशाराच असतो. आणि शेवटी आपल्या ओळखीच्या मेस्त्रीकडून चारही चाके उघडून घ्यावीत. विकणारा नाही म्हणाला तर गाडी नको म्हणावे. गरिबाला स्वस्त गाडी घ्यावीच लागते, त्यात लाज नाही. पण स्वस्तातील तूट कोणत्या भागात आहे, हे घेण्याआधी कळले पाहिजे.

विहारात आपण रोज वंदना घेतो. त्यात धम्माला 'एहिपस्सिको' म्हटले आहे. या आणि स्वतः पाहा. तथागतांनी स्वतःचा धम्मसुद्धा तपासून घ्यायला सांगितला आणि आम्ही अकरा वर्षे जुन्या गाडीचे ब्रेक विकणाऱ्याच्या शब्दावर मान्य केले! आम्ही सुशिक्षित, कायदा शिकलेले, आणि आम्हाला शहाणे केले ते हातावर तेलाचे डाग असलेल्या एका मेस्त्रीने. आपल्या समाजात असे तात्या वस्तोवस्ती आहेत. एसटीत, रेल्वेत, कारखान्यांत आयुष्य घालवलेली ही माणसे निवृत्त झाल्यावर आपण त्यांना जयंतीच्या दिवशी एक शाल देतो आणि विसरून जातो. त्यांचे ज्ञान तरुणांपर्यंत पोहोचवणे हेही चळवळीचेच काम आहे.

दुरुस्तीला साडेअकरा हजार रुपये आणि नऊ दिवस लागले. तात्यांनी मजुरी घेतली नाही. चौघांना मात्र प्रत्येक चाक स्वतःच्या हाताने बसवायला लावले. आता ती पिकअप आठवड्यातून चार दिवस टोमॅटो घेऊन कसारा घाट उतरते.

६ डिसेंबरला मात्र ब्रेक दुरुस्त होऊनही आम्ही हौद्यात माणसे बसवली नाहीत. बावीस जण नाशिकरोडहून रेल्वेने गेले. गर्दी होती, लेकरांचे हाल झाले, पण बावीसच्या बावीस परत आले. रेल्वे जमत नसेल तर चार वस्त्यांनी मिळून एसटीची बस प्रासंगिक करारावर घ्यावी. खर्च वाटला जातो. ६ डिसेंबर असो, दीक्षाभूमी असो की महाड, बाबासाहेबांना अभिवादन करायला निघालेल्या माणसाला मालासारखे हौद्यात भरणे आपण बंद केले पाहिजे. माणसाला माणूस म्हणून मोजावे, यासाठीच तर ही चळवळ आहे. ज्या मंडळांकडे, विहारांकडे गाड्या आहेत त्यांनी पुढच्या कार्यक्रमाची पावती पुस्तके छापण्याआधी एकदा चाके उघडून पाहावीत, एवढीच या निमित्ताने नम्र विनंती. जयभीम!