चौदा टनी क्रेन म्हणजे नक्की किती टन?



गेल्या पावसाळ्यात आमच्या विभागात नवा इलेक्ट्रोमॅग्नेट आला. भलामोठा लाकडी खोका ट्रकच्या हौद्यात होता आणि उतरवायला हायड्रा बोलावली होती. हायड्रा म्हणजे पुढे बूम असलेली, माल लटकवून चालत जाणारी ती पिवळी क्रेन, जी तुम्ही कुठल्याही बांधकामावर पाहिली असेल. आम्ही पाच संशोधक विद्यार्थी कौतुकाने भोवती उभे होतो. हायड्रासोबत आलेल्या खलाशीकाकांनी आल्या आल्या विचारलं, "वजन किती?"

पाचही जण फिजिक्सचे एम.एस्सी., पण एकालाही सांगता येईना. पॅकिंग लिस्ट ऑफिसात होती. मी म्हटलं, "काका, क्रेन चौदा टनी आहे ना? मग उचलेलच की." ते हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "ताई, चौदा टन कुठे उभं राहून?"

आजचा लेख या एका प्रश्नावर आहे. पीएच.डी.ला प्रवेश घेतल्यावर तुमच्यापैकी अनेकांना कधी ना कधी जड उपकरण उतरवून घ्यावं लागेल. कुणी सिव्हिल किंवा मेकॅनिकलच्या साइटवर फील्डवर्क करेल. तेव्हा हे माहीत असणं म्हणजे नुसती माहिती नाही, हातपाय शाबूत ठेवण्याची गोष्ट आहे.

आकडा एक नाही, तक्ता आहे

क्रेन उलटते ती वजनामुळे नाही, मोमेंटमुळे. सी-सॉ आठवा. क्रेन ज्या कडेवरून उलटू शकते त्या कडेपासून माल जितका लांब, तितका त्याचा जोर जास्त. २ टनांचा माल ३ मीटरवर असेल तर मोमेंट ६ टन-मीटर. तोच माल ६ मीटरवर नेला की १२. माल तोच, क्रेन तीच, पण उलटवणारा परिणाम दुप्पट.

म्हणून क्रेनच्या अंगावर लिहिलेला आकडा म्हणजे बूम आखूड आणि माल सर्वांत जवळ असताना, तेही पक्क्या सपाट जमिनीवर, ती किती उचलेल ते. बाकी सगळं लोड चार्टमध्ये असतं. बूमची लांबी आणि मालापर्यंतचं आडवं अंतर पाहिलं की त्या जोडीला किती टन चालतात ते तक्त्यात सापडतं. हा चार्ट केबिनमध्ये असायलाच हवा. जवळच्या अंतरावर मर्यादा ठरते ती बूमच्या आणि दोराच्या मजबुतीने, लांबच्या अंतरावर उलटण्याच्या धोक्याने. म्हणजे एकाच तक्त्यात दोन वेगळ्या प्रकारची मोडतोड लपलेली असते. पहिल्या प्रकारात आधी काही हलत नाही, थेट तुटतं. म्हणून "मागची चाकं उचलली की थांबू" हा विचार जीवघेणा आहे.

आणखी दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. एक, हूक, स्लिंग, शॅकल, बीम यांचं वजनही सहसा मालातच धरायचं असतं. दोन, भार आला की बूम थोडी वाकते आणि माल किंचित पुढे सरकतो. कागदावर ५ मीटर असलेलं अंतर माल उचलल्यावर ५ राहत नाही.

पट्टा लांब का हवा

वजन कळलं, दोन टन. आम्ही आणलेला पट्टा (बेल्ट स्लिंग) आखूड होता. काकांनी तो बाजूला टाकला आणि ट्रकमधून लांब पट्टे मागवले. मला वाटलं, उगाच वेळ काढताहेत. घरी येऊन गणित केलं तेव्हा कळलं.

दोन पायांच्या स्लिंगमध्ये प्रत्येक पायावरचा ताण म्हणजे वजन भागिले (दोन गुणिले त्या पायाच्या आडव्याशी होणाऱ्या कोनाचं साइन). आमच्या दोन टनांसाठी हा ताण असा येतो:

- कोन ६० अंश: प्रत्येक पायावर सुमारे १.१५ टन
- कोन ४५ अंश: सुमारे १.४१ टन
- कोन ३० अंश: पूर्ण २ टन

दोन पाय असूनही ३० अंशांवर प्रत्येकावर अख्खं वजन! पट्टा आखूड असला की कोन पसरट होतो आणि ताण वाढतो. शिवाय खोक्याच्या कडा आतल्या बाजूला दाबल्या जातात ते वेगळंच. खलाशीकाकांना साइन माहीत नसेल, पण त्याचं उत्तर माहीत होतं.

तसंच गुरुत्वमध्याचं. हूक बरोबर गुरुत्वमध्याच्या वर नसेल तर माल उचलताच तिरका होतो. खोका चौकोनी दिसला म्हणून वजन मधोमध असतंच असं नाही. आमच्या मॅग्नेटचं लोखंड एका बाजूला होतं. म्हणून माल आधी दहा-पंधरा सेंटीमीटरच उचलायचा, थांबायचं, बघायचं. तिरका वाटला तर खाली ठेवून परत बांधायचं. आणि हे सगळं सावकाश. ढिला दोर एकदम ताणला गेला तर, माल जराही न पडता, नुसता अचानक भार आल्याने दोरावरचा ताण क्षणभर दुप्पट होऊ शकतो. बारावीत स्प्रिंगवर केलेलं हेच उदाहरण.

जमीन

आउटरिगर असलेल्या मोठ्या क्रेनचा बराचसा भार वळताना एकाच पायावर येऊ शकतो. समजा त्या पायावर २० टन आले आणि खालची प्लेट ३० सेंटीमीटर बाय ३० सेंटीमीटरची आहे. दाब होतो २२० टन प्रति चौरस मीटरच्या वर. खाली १ मीटर बाय १ मीटरची भक्कम फळी टाकली की तोच दाब २० वर येतो. आपल्याकडची काळी माती पावसात भिजली की तिची ताकद झपाट्याने कमी होते. नुकताच बुजवलेला चर, गटाराचं झाकण, जुनी टाकी हे सगळं वरून सपाटच दिसतं. क्रेनमधला सेफ लोड इंडिकेटर मोमेंट मोजतो, पण पायाखालची माती त्याला कळत नाही. उपकरण काय मोजतं याइतकंच ते काय मोजत नाही हेही विचारत जा.

मिलवॉकी, १४ जुलै १९९९

आता जे उदाहरण मी प्रत्येक ज्युनियरला सांगते ते. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात मिलर पार्क हे बेसबॉल स्टेडियम बांधलं जात होतं. सरकत्या छताचा ४५० टनांहून जड तुकडा 'बिग ब्लू' नावाची ५६७ फूट उंच क्रेन उचलत होती. क्रेन कोसळली. शेजारच्या दुसऱ्या क्रेनला टांगलेल्या पाळण्यात छत जोडण्यासाठी थांबलेले तीन लोहकाम कामगार ठार झाले. स्टेडियम वर्षभर उशिरा, २००१ मध्ये सुरू झालं.

त्या दिवशी वारा होता. क्रेनसाठी मर्यादा ताशी २० मैलांची होती, झोत २६-२७ मैलांपर्यंत जात होते. पण मूळ चूक आणखी खोल होती. क्रेनवर वाऱ्याचा जोर किती येईल याचा हिशेब होता, तो ज्या छताच्या तुकड्याला उचलत होती त्यावर किती येईल याचा नव्हता. एवढा मोठा तुकडा हवेत गेला की तो जहाजाच्या शिडासारखा वागतो.

गणित बघा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: सुमारे ०.६१ गुणिले वेगाचा वर्ग, उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये. ताशी २० मैल म्हणजे सेकंदाला ९ मीटर, दाब साधारण ५०. ताशी २७ मैल म्हणजे सेकंदाला १२ मीटर, दाब ८८. वेग एक-तृतीयांशाने वाढला, जोर पाऊणपटीहून जास्त. १०० चौरस मीटरच्या सपाट पृष्ठभागावर हा जोर अर्ध्या टनावरून जवळजवळ एक टनावर जातो, आणि तो आडवा असतो. बूम उभ्या भारासाठी मजबूत असते, बाजूने ढकलली तर कमकुवत.

संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर 'सिस्टीम' कुठे संपते ती रेषा चुकीच्या जागी काढली गेली. क्रेन आत, माल बाहेर. तुमच्या मॉडेलमध्ये काय आत आहे आणि काय बाहेर, हे गाइड विचारतात तेव्हा कंटाळू नका.

माणूस कुठे उभा आहे

परत आमच्या खोक्याकडे. खोका ट्रकमधून वर आला, हायड्रा मागे सरकू लागली. खोका झुलू नये म्हणून मी त्याच्या कडेला हात लावून धरला. काका ओरडले, "ताई, हात काढा!" मी दचकून मागे झाले. पुढच्या क्षणी खोका हौद्याच्या फळीवर आदळला, बरोबर जिथे माझी बोटं होती तिथे.

याचंही गणित आहे. १० मीटर दोराला टांगलेला माल घेऊन क्रेनने सेकंदाला १ मीटर प्रति सेकंद इतकाच वेग बदलला तरी दोर जवळपास ६ अंश कलतो आणि माल एक मीटर सरकतो. दोन टन एक मीटर सरकताना हाताने थांबत नाहीत. त्यासाठी मालाला लांब दोरी बांधतात आणि दुरून धरतात. ती दोरी काकांकडे होती. आम्हीच मध्ये घुसलो होतो.

म्हणून उपकरण येण्याच्या आदल्या दिवशी एवढं करा:

- पॅकिंग लिस्टवरचं एकूण वजन कागदावर लिहून ऑपरेटरच्या हातात द्या.
- माल कुठून उचलायचा, कुठे ठेवायचा, सर्वांत लांबचं अंतर किती, ते टेपने मोजा आणि लोड चार्ट दाखवायला सांगा.
- क्रेन आणि साखळ्या-दोरांचा तपासणी दाखला मागा. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २९ नुसार कारखान्यात ही तपासणी सक्षम व्यक्तीकडून १२ महिन्यांतून किमान एकदा व्हावी लागत असे. प्रयोगशाळेने हाच नियम पाळायला हरकत नाही.
- पट्ट्यावर सुरक्षित भाराचं लेबल नसेल किंवा कड कापली असेल तर तो वापरू देऊ नका.
- इशारा देणारा माणूस एकच. मात्र "थांबा" कुणीही ओरडू शकतो आणि तेव्हा थांबायचंच.
- मालाखाली, आणि माल व भिंत यांच्या मध्ये, कुणीही नाही. तुमचे सरसुद्धा नाहीत.

शेवटचा मुद्दा सगळ्यांत अवघड. सर म्हणाले, "जरा धर रे तिकडून," तर नाही म्हणणं विद्यार्थ्याला जड जातं. तेव्हा दोरी मागा. "सर, दोरीने धरतो" यात उद्धटपणा काही नाही.

मॅग्नेट आता चालू आहे. त्याच्या डेटाशीटवर कमाल चुंबकीय क्षेत्राचा एक आकडा आहे. परवा एक नवी विद्यार्थिनी तोच आकडा थेट प्रेझेंटेशनमध्ये टाकत होती. मी तिला विचारलं, "दोन पोलमधलं अंतर किती असताना?" तिने माझ्याकडे पाहिलं, तसंच मी काकांकडे पाहिलं असणार.