सहा इलेक्ट्रॉनांचा हिशेब

सकाळी ७:४५

इचलकरंजीतलं एक प्रोसेस हाऊस. रात्रभर कापड धुणं-रंगवणं चालू होतं. मागच्या अंगाला सांडपाण्याच्या टाक्या. केमिस्ट मॅडम गेटवर हजेरी लावतात आणि थेट तिकडेच येतात. हेल्पर काका दोरीची बादली इनलेटच्या टाकीत सोडतात. पाणी जांभळट, हाताला कोमट. दुसरा कॅन आउटलेटचा, फिकट पिवळसर.

"मॅडम, रात्री डिसायझिंगचा मोठा लॉट झालाय," काका सांगतात. म्हणजे सुतावरची खळ पाण्यात उतरली. आज इनलेटचा सीओडीचा आकडा चढणार. सीओडी म्हणजे पाण्यातली घाण जाळायला लागणारा ऑक्सिजन.

मॅडम बी.एस्सी. झालेल्या, कंत्राटावर. हातात महिन्याला १७ हजार. काकांची रोजंदारी ५०० रुपये. आठवड्यापूर्वी लागलेला ट्रेनी मुलगा दोन्ही कॅन उचलून लॅबकडे निघतो.

८:३०

आधी एफएएसची नॉर्मॅलिटी. एफएएस म्हणजे फेरस अमोनियम सल्फेट. लिटरला ३९.२ ग्रॅम, अंदाजे ०.१ नॉर्मल. अंदाजावर गणित चालत नाही. बाटलीतलं फेरस हवेनं हळूहळू फेरिक होत राहतं, म्हणून रोज तपासायचं.

मॅडम पिपेटनं १० मिलि पोटॅशियम डायक्रोमेट घेतात, ०.२५ नॉर्मल. पाणी घालून १०० मिलि करतात. वर ३० मिलि तीव्र सल्फ्युरिक अॅसिड, सावकाश. फ्लास्क चटका देतो. नळाखाली गार करायचा. मग फेरॉइन या दर्शकाचे तीन थेंब, आणि एफएएस भरलेल्या ब्युरेटची तोटी उघडायची. केशरी रंग हिरवा होतो, हिरव्याचा निळसर, आणि एका थेंबाला विटकरी. तोटी बंद. डोळा मेनिस्कसच्या पातळीत आणून मॅडम रीडिंग सांगतात, "पंचवीस पूर्णांक चार." मुलगा लिहितो: २५.४ मिलि. १० गुणिले ०.२५, भागिले २५.४. नॉर्मॅलिटी ०.०९८४.

९:१५

चार फ्लास्क मांडले. एक ब्लँक, त्यात डिस्टिल्ड वॉटर. दोन आउटलेटचे, २० मिलिचे. चौथा इनलेटचा, त्यात नमुना फक्त २ मिलि, बाकी डिस्टिल्ड वॉटर. प्रत्येकात चिमटीभर दिसणारं, पण काट्यावर तोललेलं ०.४ ग्रॅम मर्क्युरिक सल्फेट. रंगाईत मीठ पोत्यानं लागतं, त्याचा क्लोराइड पाण्यात येतो आणि डायक्रोमेट खातो. पारा त्या क्लोराइडला बांधून ठेवतो.

मग १० मिलि डायक्रोमेट. मग सिल्व्हर सल्फेट विरघळवलेलं अॅसिड, ३० मिलि. एका फ्लास्कमागे साधारण ३०० मिलिग्रॅम सिल्व्हर सल्फेट. चांदीचाच क्षार तो. छोट्या बाटलीलाही हजारो रुपये पडतात. मुलाच्या हातून दोन थेंब मोजपात्राबाहेर ओघळतात. मॅडम रागवत नाहीत. मोजपात्र कसं तिरपं धरायचं ते पुन्हा करून दाखवतात.

१०:००

फ्लास्कमध्ये काचेचे मणी, वर कंडेन्सर. काका पंप लावतात, कंडेन्सरमधून गार पाणी फिरू लागतं. तापमान १५० अंश सेल्सिअस. आता दोन तास उकळी. घाण जळेल, डायक्रोमेट खर्च होईल. उरलेलं नंतर एफएएसनं मोजायचं.

१०:२०

या दोन तासांत कागद-पेन. मुलाला सीओडीचं सूत्र पाठ आहे. "त्यातले ८००० कुठून आले?" मॅडम विचारतात. मुलगा गप्प.

"डायक्रोमेटचं अर्धसमीकरण लिही."

तो लिहितो. डावीकडे डायक्रोमेट, उजवीकडे क्रोमियम, तीन धनभाराचा. क्रोमियम सहावरून तीनवर आला म्हणून इलेक्ट्रॉन तीन, असं टाकतो.

"डायक्रोमेटात क्रोमियम किती?"

"दोन." तो खोडतो.

मॅडम पायरी सोडू देत नाहीत. आधी क्रोमियम: दोन्हीकडे २. मग ऑक्सिजन: डावीकडे ७, म्हणून उजवीकडे ७ पाण्याचे रेणू. मग हायड्रोजन: उजवीकडे १४ झाले, म्हणून डावीकडे १४ हायड्रोजन आयन. शेवटी भार. डावीकडे १४ धन आणि २ ऋण, मिळून १२ धन. उजवीकडे ६ धन. फरक सहाचा. म्हणून डावीकडे ६ इलेक्ट्रॉन.

"आता लोखंड."

हे सोपं. फेरस एक इलेक्ट्रॉन देऊन फेरिक होतं. घेणारा सहा घेतो, देणारा एकेक देतो. लोखंडाची ओळ सहानं गुणायची आणि दोन्ही ओळी मिळवायच्या. इलेक्ट्रॉन दोन्हीकडून कटले पाहिजेत, सोसायटीच्या वहीत नावे आणि जमा जुळतात तसे. एका डायक्रोमेटला सहा फेरस.

"आणि ऑक्सिजन?"

मुलगा आता स्वतःच लिहितो. ऑक्सिजनचा एक रेणू, ४ हायड्रोजन आयन, ४ इलेक्ट्रॉन. पलीकडे पाण्याचे दोन रेणू. वजन ३२, इलेक्ट्रॉन चार. एका इलेक्ट्रॉनच्या वाट्याला ८ ग्रॅम. मिलिग्रॅम केले की ८०००. तो मान वर करतो. पाठ केलेला आकडा त्यानं आत्ता कमावला आहे.

दुपारी १२:१५

हीटर बंद. फ्लास्क गार होईपर्यंत डबे उघडतात, लॅबच्या बाहेर. भाकरी, वांग्याची भाजी, काकांकडचा खर्डा.

१:१५

कंडेन्सर वरून पाण्यानं धुऊन घेतात, प्रत्येक फ्लास्क १५० मिलिपर्यंत भरतात. ब्युरेट पुन्हा शून्यावर. ब्लँक २५.१. आउटलेट १९.६, दुसऱ्याचंही १९.६. इनलेट २०.४. शेवटच्या मिलिलिटरला मॅडम बोलत नाहीत. डावा हात तोटीवर, उजव्यानं फ्लास्क फिरतो. अर्धा थेंब टोकाशी लोंबकळला तर काचेला टेकवून धुऊन घेतात.

२:१०

गणित मुलाचं. सूत्र न वापरता करायचं. ब्लँक आणि आउटलेटमध्ये फरक ५.५ मिलि. गुणिले ०.०९८४, म्हणजे ०.५४१२ मिलिमोल इलेक्ट्रॉन. एवढे घाणीनं डायक्रोमेटला दिले. आठनं गुणलं की ४.३३ मिलिग्रॅम ऑक्सिजन, २० मिलि पाण्यात. लिटरला पन्नास पट. मुलगा सूत्रानंही पडताळतो. २१६.

इनलेटचा फरक ४.७. त्याच रीतीनं १८५. पण नमुना दहा पट पातळ केलेला. १८५०.

सोडायच्या पाण्याची सीओडीची मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम. आज ३४ नं आत. मॅडम फोन उचलतात. "इनलेट साडेअठराशे आहे. रात्री प्रवाह हळू सोडा, दुसरा ब्लोअरही चालू ठेवा." पलीकडून विजेच्या बिलाचा विषय निघतो. मॅडम आकडा पुन्हा सांगतात.

३:१५

चारही फ्लास्कमधलं पाणी सिंकमध्ये जात नाही. त्यात पारा आहे, क्रोमियम आहे, चांदी आहे. काका हातमोजे घालून ते वेगळ्या कारबॉयमध्ये ओततात. घातक कचऱ्याची गाडी येईपर्यंत तो कुलपात राहतो. मग काचसामान: आधी नळाचं पाणी, शेवटी डिस्टिल्ड. ब्युरेट उलटी टांगून ठेवायची.

४:२०

रजिस्टरमध्ये आजची ओळ. तपासणी केली: मॅडमची सही. गणित केले: या रकान्यातही रोज मॅडमचीच सही असते. आज त्या रजिस्टर मुलाकडे सरकवतात. तो सहीआधी सगळे आकडे एकदा बोटानं मोजत जातो. मॅडम थांबतात, घाई करत नाहीत.

"उद्या एफएएस तू तपासायचं," त्या म्हणतात. "आठला ये."