दोन छाटण्यांचे वर्ष



द्राक्षवेल ही समशीतोष्ण प्रदेशात रुळलेली वनस्पती. तेथे हिवाळ्यात तिची पाने गळतात, ती निद्रिस्त होते आणि वसंतात पुन्हा फुटते. कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, सुमारे २० अक्षांशावर वसलेल्या नाशिकला असा कडक हिवाळा नाही. मोकळी सोडली तर वेल येथे विसावा न घेता वाढत राहते आणि घड मात्र तुरळक, अनियमित येतात. मग वाइनची द्राक्षे येथे पिकतात तरी कशी?

पहिले उत्तर उंचीचे आहे. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, हे आपण शाळेतच शिकलो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. त्यात हिवाळ्यातील कोरडी हवा व निरभ्र आकाश. त्यामुळे दिवसाची उष्णता रात्री झपाट्याने निघून जाते. दिवसा तीस अंशांच्या आसपास असणारा पारा रात्री दहा-बारापर्यंत उतरतो. उन्हात पाने साखर तयार करतात. रात्र उष्ण असेल, तर मण्यांतील मॅलिक आम्ल श्वसनात वेगाने खर्ची पडते. थंड रात्री ते अधिक टिकते. काळ्या जातींचा रंगही अशा रात्रींत चांगला भरतो. वाइनला नुसती गोडी पुरत नाही. आंबटपणा व सुगंध यांचाही मेळ बसावा लागतो.

दुसरे उत्तर शेतकऱ्याच्या कात्रीचे आहे. एप्रिलच्या सुमारास तो खरड छाटणी करतो. नव्या काड्यांच्या डोळ्यांत उन्हाळ्याच्या प्रकाशात पुढील घडांची घडण होते. या फुटीवर पीक घेत नाहीत, कारण ते पावसाळ्यात सापडून केवडा रोगाला बळी पडेल. पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात, गोडी छाटणी होते. तेच डोळे फुटून घड बाहेर पडतात आणि साधारणतः जानेवारी ते मार्च या काळात काढणी होते. आपल्या सीमाभागालगतच्या विजापूरकडेही खाण्याच्या व बेदाण्याच्या द्राक्षांसाठी हीच दुहेरी छाटणी रूढ आहे.

म्हणजे एका पिकाचे भवितव्य दोन ऋतूंच्या आकाशावर अवलंबून असते. घडणीच्या दिवसांत आभाळ भरून राहिले, तर घड कमी लागतात; ऑक्टोबरात अवकाळी पाऊस आला, तर कोवळे घड कुजतात. रात्री उबदार होत गेल्या, तर उंचीने दिलेली आम्लाची देणगीही ओसरेल. वेलीला निसर्गाने न दिलेली विश्रांती माणूस कात्रीने देऊ शकतो. थंड रात्र मात्र त्याला निर्माण करता येत नाही.