कोलेस्टेरॉल आणि पेशीचे द्वारपाल

आईबाप दोघांकडूनहि एक विशिष्ट दोष वारशानें आलेल्या मुलाला शाळकरी वयांतच हृदयविकाराचा झटका येऊं शकतो. त्याच्या रक्तांत कोलेस्टेरॉल कित्येक पटींनीं वाढलेलें असतें. तरीहि पेशी तें स्वतः तयार करीतच राहतात! अमेरिकेंतील डॅलस येथें ब्राऊन व गोल्डस्टीन यांनीं १९७३ सालीं या कोड्याचें मूळ शोधलें.

कोलेस्टेरॉल रक्तांत प्रथिनयुक्त कणांतून वाहिलें जातें. पेशीच्या पृष्ठभागावर नेमके तेच कण ओळखणारे ग्राही रेणु असतात. कण चिकटला कीं तेथील खळगा आंत ओढला जाऊन त्याची पिशवी बनते. आंत कण विरघळतो. ग्राही मात्र, स्टेशनावरील हमालाप्रमाणें, सुमारें दहा मिनिटांत पुन्हां दारांत हजर! या मुलांत हे ग्राहीच नसतात किंवा निकामी असतात. एका रोग्याची गोष्ट तर विलक्षणच होती: कण ग्राहींना नीट चिकटत, पण ग्राही खळग्यांत जमत नसत, माल उंबरठ्यावरच पडून राही.

सर्वांत अधिक ग्राही यकृतांत असतात. म्हणून १९८४ सालीं पिट्सबर्ग येथें अशा एका लहान मुलीला हृदयाबरोबर यकृतहि दुसऱ्याचें बसविण्यांत आलें. त्या यकृताचे ग्राही कामाला लागले आणि रक्तांतील कोलेस्टेरॉल झपाट्यानें उतरलें.